डावा खिसा लालचा

अनय आणि मुक्ता,

टीव्हीवर बॉक्सिंगचा सामना बघून तुम्ही दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हता, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. तीन पंचांपैकी दोघांनी एकाला जिंकवलं, तिसऱ्याने दुसऱ्याला. अनयचं म्हणणं, तिसरा आंधळा होता किंवा विकला गेला होता. मुक्ताने मला विचारलं आहे की, आजी, तिघांनी एकच सामना पाहिला तर आकडे वेगवेगळे कसे?

मुक्ता, याचं पक्कं उत्तर मला येत नाही. पण ज्या बाईला ते बहुधा येत होतं, तिच्याशी मी पाच वर्षं मनातल्या मनात भांडत होते. तिचं नाव सुमित्रा रामटेके. बालाघाटच्या आमच्या खाणीच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि सगळे तिला सिस्टर म्हणत. मीही म्हणत असे. मात्र मी ते कधीच नीट मनापासून म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

तुमचे आजोबा खाणीच्या कचेरीत होते. कामगारांचा क्लब, वाचनालय, खेळ हे त्यांचं खातं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, लग्न होऊन बालाघाटला आले, आणि थोड्याच दिवसांत राज्यांचे नकाशे बदलले. सीमेवरच्या राजेगावच्या पुढची आमची सगळी नाती एका राज्यात गेली आणि आम्ही दुसऱ्यात राहिलो. शाळेतल्या मुली एकमेकींशी हिंदीत भांडत आणि घरी जाऊन आईला मराठीत सांगत.

दर जानेवारीत क्लबच्या मागच्या मैदानावर बॉक्सिंगचे सामने होत. उकवा, कटंगी, वारासिवनी, कुठकुठून मुलं येत. सागाचे चार खांब, त्यांना दोर, खाली धानाची तणस पसरून वर ताडपत्री, असं रिंगण. एका कोपऱ्याला लाल फडकं, समोरच्याला निळं. तीन बाजूंना तीन खुर्च्या, पंचांच्या. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत जो सरस, त्याला वीस गुण; दुसऱ्याला त्याहून कमी. अगदीच बरोबरी वाटली तर दोघांनाही वीस. पंचाने फेरी संपली की चिठ्ठीवर आकडे लिहायचे, कोणाशी बोलायचं नाही, कोणाकडे बघायचं नाही.

हे सगळं मला आजही पाठ आहे, कारण नियमांचं इंग्रजी पुस्तक तुमच्या आजोबांनी मला भाषांतराला दिलं होतं. मी ते मराठीत आणि हिंदीत, कार्बन घालून, तीन-तीन प्रतींत उतरवलं. परिशिष्टासकट. सामन्यांच्या वेळी चिठ्ठ्या गोळा करून बेरजा करण्याचं कामही माझंच, कारण माझं अक्षर चांगलं आणि बेरीज चुकत नसे. दुसऱ्या रांगेत बसून मी माझ्या वहीत माझे स्वतःचे गुणही मांडत असे. त्या गावात बॉक्सिंगचे नियम मुखोद्गत असलेलं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाला त्या तीन खुर्च्यांपैकी एक हवी होती. बाई म्हणून ते कोणी विचारणार नाही हे मी समजून होते. त्याचं मला विशेष वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटायला कारण पुढे झालं.

एका वर्षी गोंदियाहून येणाऱ्या पंचांची बस चुकली. मुलं हातमोजे बांधून तयार, मैदान भरलेलं. ड्रिल मास्तर आणि खाणीचे स्टोअरबाबू हे दोन पंच बसलेले, तिसरी खुर्ची रिकामी. तुमचे आजोबा चहूकडे बघत होते. त्यांची नजर माझ्यावर आली. मी पदर सारखा केला, वही मिटली, आणि उठणार एवढ्यात ती नजर माझ्यावरून पुढे गेली.

"सिस्टर, तुम्ही बसा."

सिस्टर रिंगणाशेजारी कापूस आणि टिंक्चरची बाटली घेऊन बसलेल्या असत. दरवर्षी असत. त्या म्हणाल्या, "मले नियम कुठं येते साहेब?"

"कोणाला जास्त लागलं ते सांगता येतं ना?"

"ते तं रोजचंच काम हाय."

आणि बसल्या. जवळच्या भांड्यातले चिंचोके ओटीत ओतून घेऊन बसल्या.

आता त्या चिंचोक्यांचं सांगितलं पाहिजे. सिस्टर ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, चालायला भराभर. साडीला तांदळाच्या पेजेची खळ, इतकी कडक की त्या बसल्या की साडी नंतर बसे. वर पांढरा एप्रन, त्याला दोन मोठे खिसे. मोजायचं काहीही असलं, तर त्या चिंचोक्यांनी मोजत. नाडीचे ठोके घड्याळावर, बाकी सगळं चिंचोक्यांवर. रिंगणापाशी त्यांची पद्धत अशी: लालचा ठोसा नीट लागला की डाव्या हाताने ओटीतला एक चिंचोका डाव्या खिशात. निळ्याचा लागला की उजव्या हाताने उजव्या खिशात. हे करताना खाली बघायचं नाही. पापणीसुद्धा क्वचित लवे. घंटा झाली की दोन्ही खिसे चाचपून मोजायचे, आकडा लिहायचा, चिंचोके परत ओटीत.

हे खिशांचं इतकं अंगवळणी पडलं होतं की इतर वेळीही चाले. कॉलनीच्या नळावर एकदा आमच्या शेजारच्या दोघी कडाकडा भांडत होत्या. सिस्टर बादली घेऊन रांगेत उभ्या, चेहरा शांत, हात मात्र खिशांत जात-येत होते. दोघी दमून थांबल्या तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "कौसल्याबाई सात, गोमतीबाई नऊ. पाणी गेलं नळाचं. चला आता घरी." दोघींना आधी राग आला आणि मग हसू. कौसल्याबाई पुढे कितीतरी दिवस विचारत होत्या की तिच्या नवातले दोन तरी काढा, ती माझ्या आईवर गेली होती.

रुग्णाला त्या कधी "किती दुखतं?" असं विचारत नसत. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "किती दुखते इचारलं का माणूस वाढवून सांगते, नाहीतं लपवते. कुठं दुखते इचारलं का खरं सांगते." आणि रिंगणाबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे. कोणी येऊन म्हटलं की काय ठोसा मारला हो त्याने, की त्या म्हणत, "लागला का दिसला?"

पहिल्याच वर्षी याचा गाजावाजा झाला. कटंगीचा एक देखणा मुलगा होता. पायांवर असा नाचे की बायका पदर तोंडाला लावून बघत. हात तर पंख्यासारखे फिरत. मैदान त्याच्या नावाने ओरडत होतं. ड्रिल मास्तर आणि स्टोअरबाबू, दोघांनी त्याला जिंकवलं. सिस्टरांनी समोरच्या ओबडधोबड मुलाला तिन्ही फेऱ्या दिल्या. निकाल दोन विरुद्ध एक असा कटंगीच्या बाजूने लागला, तरी लोक सिस्टरांवर चिडले. मागून कोणी ओरडलं, "सिस्टर, चष्मा लगाव!"

"लावतो ना," सिस्टर कापूस गोळा करत म्हणाल्या, "पयले तुझं तोंड बंद कर, मंग उघड, मंग पाहतो घसा बसला का तुझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ड्रिल मास्तर आणि स्टोअरबाबूंना दवाखान्यात बोलावून घेतलं. तुमचे आजोबाही गेले, आणि त्यांच्याबरोबर मी. बाकावर दोन्ही मुलं बसली होती. कटंगीच्या नाचऱ्या मुलाचा एक डोळा मिटलेला, बरगड्यांवर जांभळे डाग. ओबडधोबड मुलगा संत्रं सोलत होता.

"मास्तर, यायच्यातला कोण जिंकला म्हणता?" सिस्टरांनी विचारलं.

ड्रिल मास्तर खोकले. स्टोअरबाबूंनी घड्याळ पाहिलं. तुमचे आजोबा इतके मोठ्याने हसले की त्या नाचऱ्या मुलालाही हसू आलं आणि ओठ फाटून रक्त आलं. घरी परतताना ते वाटेत तीनदा म्हणाले, "काय नजर आहे!" मी चौथ्यांदा ऐकायच्या आत भाजी घ्यायला थांबले.

सांगायचा मुद्दा हा की त्या वर्षी माझ्या वहीतही तो ओबडधोबड मुलगाच जिंकला होता. पण वही कोणी मागितली नाही.

पुढच्या वर्षी गोंदियाच्या पंचांची बस चुकायचा प्रश्नच आला नाही, त्यांना कळवलंच गेलं नाही. खुर्ची सिस्टरांची झाली. तुमचे आजोबा दोन चिठ्ठ्या नुसत्या चाळत आणि तिसरी वाचत. सातवी पास बाई, जिला रिंगणातल्या एका ठोशाचंही इंग्रजी नाव येत नव्हतं. मी मत्सराने आंबले. आणि त्यात आणखी एक कळकट गोष्ट मिसळलेली होती, ती तुम्हाला सांगायला हवी. सिस्टरांच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्म घेतलेला. आमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कप नाही, हे मी त्या काळी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. ते सांगावंसं वाटे, यातच सगळं आलं.

नंतर निबंधाचं झालं. सिस्टरांची भाची प्रमिला त्यांच्याकडे राहून आमच्या शाळेत शिकत होती, माझ्याच वर्गात. सहामाहीनंतर एके दिवशी सिस्टर दोन उत्तरपत्रिका घेऊन माझ्या घरी आल्या. एक प्रमिलाची, एक तिच्या मैत्रिणीची. निबंधाचा विषय होता 'आमचे शहर'. मैत्रिणीने प्रमिलाचा निबंध शब्दन्‌शब्द उतरवला होता. प्रमिलाला मी वीसपैकी नऊ दिले होते. मैत्रिणीला तेरा.

"मले इंग्रजी येत नाही बाई," सिस्टर म्हणाल्या. "पण मी बोट ठेवून ठेवून पाह्यलं. दोन्ही सारखंच दिसून राह्यलं. का माझीच चूक होऊन राह्यली?"

मी दोन्ही कागद बराच वेळ वाचले. वाचण्यासारखं काही नव्हतं. शेवटी म्हटलं, "हिचं अक्षर बघा किती स्वच्छ आहे."

"हौ, अक्षर तं सुंदर हाय." त्यांनी कागदांची घडी घातली. "म्हणजे दिसलं."

माझे कान तापले. मी म्हटलं, प्रमिलाचे गुण वाढवून देते. त्यावर त्या उठल्याच. "नोका वाढवू. मी गुण मागाले नाही आली. ते पोरगी दोन दिवस रडून राह्यली, का माझ्या निबंधात काय खोट होती. तिले सांगाले काहीतरी पायजे म्हणून इचारलं." दारात वळून त्यांनी अगदी सरळपणे, जशा नाडी बघताना विचारतात तशा, विचारलं, "बाई, हा पेपर तुमी जेवणाच्या आधी तपासला होता का नंतर?"

आजोबा आत पेपर वाचत होते. पेपर हलत होता, म्हणजे ते हसत होते.

त्या दिवसापासून मी एक काम हाती घेतलं. पाच वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे बुटांच्या खोक्यात, फितीने बांधून, वर्षवार ठेवलेल्या होत्या. माझ्या वह्या होत्याच. शाळा सुटल्यावर मी जेवणाच्या टेबलावर रकाने आखून बसे: लढत, फेरी, कोपरा, ड्रिल मास्तर, स्टोअरबाबू, सिस्टर, मी. मला या बाईची चूक हवी होती. एक नको, पुन्हा पुन्हा होणारी हवी होती.

ड्रिल मास्तर आणि स्टोअरबाबू यांचं एकमत फार होई, आणि ते बहुतेक मैदान ज्याच्या बाजूने ओरडे त्याच्याशीच होई, हे मला पहिल्या आठवड्यात दिसलं. त्यात मला रस नव्हता. दुसऱ्या आठवड्यात दिसलं ते मला आवडलं नाही. चौघांत ज्या दोन रकान्यांचं सगळ्यात जास्त जुळत होतं, ते होते सिस्टरांचा आणि माझा. शहाणी बाई तिथे थांबली असती, चहा करून घेऊन दवाखान्यात गेली असती. मी पुढे मोजत राहिले.

आणि मला सापडलं. आमचे रकाने सगळीकडे जुळत, फक्त एका गावाच्या मुलांच्या बाबतीत जुळत नसत. उकव्याच्या. माझ्याकडे उकव्याचा मुलगा थोडक्यात पुढे असला की सिस्टरांकडे बरोबरी. माझ्याकडे बरोबरी असली की सिस्टरांकडे तो मागे. दरवेळी, न चुकता, एकच पाऊल.

त्यातली एक लढत गेल्या वर्षीची अंतिम होती. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं होतं की मधल्या वजनात जो जिंकेल त्याला खाणीत कायमची नोकरी. उकव्याचा सोमा, खाणीवर रोजंदारीवर खडी फोडणारा, विरुद्ध वारासिवनीचा एक मुलगा. ड्रिल मास्तरांनी सोमाला जिंकवलं, स्टोअरबाबूंनी वारासिवनीला, आणि सिस्टरांच्या चिठ्ठीने निकाल वारासिवनीकडे गेला. माझ्या वहीत पहिली फेरी सोमाची होती, दुसरी आणि तिसरी बरोबरीची. म्हणजे सोमा एका गुणाने पुढे. सिस्टरांच्या चिठ्ठीत पहिली बरोबरीची, आणि दुसरी-तिसरी त्याच्या विरुद्ध.

मी आनंदाने रकान्यांखाली लाल रेघ ओढली. हा आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो, म्हणून लिहिते आहे.

पंचांची बैठक आमच्या ओसरीवर भरायची, सामन्यांच्या पंधरा दिवस आधी. मॅनेजरसाहेब, दोघे पंच, सिस्टर, आजोबा. मी चहा दिला आणि कपांच्या शेजारी तक्ता ठेवला. काय आहे ते सांगितलं. मी हळू आवाजात, नीट, पुराव्यानिशी बोलले. आजोबांनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात कौतुक होतं का, हे मी शोधत राहिले.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "सिस्टर, ये क्या है? उकवावालों से कोई दुश्मनी?"

सिस्टर बशीतून चहा पीत होत्या. त्यांनी बशी ठेवली.

"दुश्मनी काहून राहीन साहेब? माझं माहेर हाय ते."

स्टोअरबाबूंनी तक्ता जवळ ओढला.

"त्या पोरायले मी लहानपणापासून पाहून राह्यली. सोमाची माय अन् मी एकाच आळीतल्या. तिकडचा पोरगा रिंगणात आला का माझा डोळा त्याच्यावरच जाते. त्याचा हात हालला का मले लागलाच वाटते. मंग मी काय करू? हरेक फेरीत त्याचा एक चिंचोका काढून टाकतो."

"हर राऊंड में एक?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"हौ. एकच. कमी नाही, जास्त नाही."

मी विचारलं. मला थांबता आलं असतं. "आणि गेल्या वर्षी, सोमाच्या वेळी? काढला नसतात तर?"

त्यांचे दोन्ही हात खिशांत होते. "तं तो जिंकला असता," त्या म्हणाल्या. "माझ्या मोजण्यानं. पण माझ्याच मोजण्यावर माझा भरोसा नव्हता ना बाई."

"अहो, पण तुम्ही बरोबर मोजलं होतं!" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "माझ्याही वहीत तेच आहे!"

"तुमची वही मले कोणं दाखवली?"

इतकंच म्हणाल्या. मग उठून आजोबांना म्हणाल्या, "साहेब, आता मले त्या खुर्चीवर नोका बसवू. मी कापूस-टिंक्चर पाहतो." बशी विसळून पालथी घालून ठेवली आणि गेल्या. त्या आपली बशी नेहमीच विसळून ठेवत. त्या दिवशी ती कोणीच उचलेना, म्हणून मी उचलली.

खुर्ची मला मिळाली. मॅनेजरसाहेबच म्हणाले, "मॅडम से ज्यादा कायदे से कौन करेगा?" पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य हिंदीत आलं. मी नवी वही शिवली, पेन्सिलींना टोकं केली, आणि जानेवारीत मैदानात समोर जाऊन बसले. बायका माझ्याकडे बोट दाखवत होत्या. सिस्टर त्यांच्या जुन्या जागी, बाटल्यांपाशी. ओटी रिकामी.

मधल्या वजनात, नोकरीसाठी, पुन्हा सोमा. समोर बालाघाटचाच हरिलाल. सोमा लाल कोपऱ्यात.

दुसऱ्या रांगेतून सामना दिसतो. पंचाच्या खुर्चीवरून नुसते खांदे, घाम आणि श्वास. मला नियम आठवत होते, परिशिष्टासकट. पण सोमाचा हात हलला की मला वाटे, हा मागच्या वर्षी खरा जिंकलेला मुलगा. हरिलालचा हात हलला की वाटे, याने सोमाला अडवू नये. मी बरोबरीची फेरी सोमाला दिली. जी बरोबरीची नव्हती, तीही दिली. बाकी दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध गेली आणि माझ्या चिठ्ठीने सोमा जिंकला. उकव्याच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या सोमाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडेही नाही. लढत संपेपर्यंत त्या रिंगणाकडे पाठ करून बसल्या होत्या, हे आजोबांनी मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच दवाखान्यात गेले. बाकावर सोमा आणि हरिलाल. सोमाचा ओठ शिवलेला, डावा डोळा मिटलेला, कानामागे सूज. हरिलालच्या अंगावर खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. तो जमिनीकडे बघत बसला होता. सिस्टर सोमाच्या भुवईवरचं रक्त पुसत होत्या. मी दारात उभी राहिले. मला त्यांचा प्रश्न ऐकायचा होता. मला तो ठाऊक होता आणि उत्तरही. त्यांनी तो विचारला असता तर मी कदाचित रडले असते, आणि मग सगळं सोपं झालं असतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "जराशा बाजूले सरका. उजेड अडून राह्यला."

मी सरकले.

पुढच्या वर्षी मी परीक्षांचं निमित्त सांगून खुर्ची सोडली. नागपूरहून पंच येऊ लागले, शिट्टी आणि पांढरा सदरा घालून. ते कोणालाच ओळखत नसत आणि त्यांना कोणी काही विचारत नसे. सोमाला नोकरी लागली आणि टिकली. हरिलालने बसस्टँडजवळ सायकलचं दुकान टाकलं. आमची सायकल मी मुद्दाम त्याच्याकडे नेत असे, आणि त्याने कधी मान वर करून पाहिलं नाही. एका वर्षी चुकीने न मिळालेलं दुसऱ्या वर्षी चुकीने मिळालं, तर हिशेब जुळतो का? मी याचाही तक्ता मांडून पाहिला आहे. हरिलाल कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पेपर तपासण्याची पद्धत मात्र मी बदलली. मुलींची नावं घडी घालून झाकायची, आणि जेवणाच्या आधीच तपासायचे. निवृत्त होईपर्यंत तसंच केलं. सिस्टरांना हे कधी सांगितलं नाही.

सत्तर सालाच्या पुढेमागे त्यांची बदली उकव्याच्या दवाखान्यात झाली. त्यांनीच मागून घेतली होती. आजोबा म्हणाले, "बसवर जाऊन ये." मी म्हटलं, तुम्ही जा. ते म्हणाले, "मी काल भेटलो. तू जा."

उकव्यावरून जाणारी बैहरची बस उभी होती. सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पत्र्याची पेटी, साडी नेहमीसारखी कडक, वर तोच एप्रन. बोलायचं मी घरून ठरवून आले होते, तीन वाक्यं, क्रमाने. पहिलं असं होतं की पंच म्हणून तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या होता. खिडकीखाली उभी राहून मी म्हटलं, "पोचल्यावर पत्र लिहा."

"मी? तुमाले?" त्या हसल्या. "नाही बाप्पा. तुमी गुण कापान."

"प्रमिला कशी आहे?"

"बरी हाय. मास्तरीण झाली. इंग्रजीच शिकवते." मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, "जेवणाच्या आधीच पेपर तपासते म्हणे. कोणापासून शिकली काय माहीत."

कंडक्टरने घंटी ओढली. माझी तीन वाक्यं तशीच राहिली. बस हलली तेव्हा मी हात वर केला. सिस्टरांनी हात केला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्या त्या न लवणाऱ्या डोळ्यांनी, आणि मला खिडकीतून स्पष्ट दिसलं: पेटीवरून त्यांच्या डाव्या हाताने काहीतरी उचललं आणि खाली न बघता डाव्या खिशात टाकलं.

डावा खिसा लालचा. एवढं मला माहीत आहे. पण त्या दिवशी लाल कोपऱ्यात कोण होतं, त्या की मी, हे मला माहीत नाही. त्यांना माहीत होतं. त्याचासुद्धा मला अजून हेवा वाटतो.

— आजी